सॉसेज आणि ढोबळी मिरची: मसाल्याचा डबा न उघडता

न्यू जर्सीत येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुकानात इटालियन सॉसेजचं पाकीट दिसलं, शेजारच्या पिशवीत तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या होत्या, आणि वाटलं, यात काय कठीण आहे! घरी येऊन तेल कडकडीत तापवलं, हळद घातली, आलं-लसणाचं वाटण घातलं, आईनं बांधून दिलेला गोडा मसाला घातला. सॉसेजेस फुटू नयेत म्हणून त्यांना काट्यानं भोकंही पाडली. दहा मिनिटांत धुराचा अलार्म कोकलायला लागला. सॉसेजेस बाहेरून काळी, आतून कच्ची. मिरच्यांना पाणी सुटून सगळ्याचा पांचट रस्सा झाला, आणि सॉसेजमधली बडीशेप आणि माझा गोडा मसाला यांची आपापसात जुंपली ती वेगळीच.

इथले लोक ज्याला 'सॉसेज अँड पेपर्स' म्हणतात तो हा पदार्थ खरं तर ज्याला धड वरण-भातही जमत नाही त्यालाही जमण्यासारखा आहे. फक्त त्याची रीत आपल्या उलटी आहे. आपण आधी फोडणी करतो, तिच्यात मसाला परततो आणि मग भाजी घालतो. इथे मसाला सॉसेजच्या पोटात आधीच भरलेला असतो आणि फोडणीचं तेलही तिथेच असतं, चरबीच्या रूपात. ते दोन्ही बाहेर काढायचं आणि त्यातच भाज्या परतायच्या. हळद नाही, आलं नाही, गरम मसाला नाही. हात शिवशिवतील, पण डबा उघडायचा नाही.

१८८० नंतरच्या चाळीसेक वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन माणसं अमेरिकेत आली. त्यातली बहुतेक दक्षिणेकडची, म्हणजे नेपल्सच्या आसपासची, कॅलाब्रियाची, सिसिलीची. गावाकडे मांस सणासुदीला मिळायचं. इथे मजुरीच्या पैशांत ते एरवीही परवडायला लागलं. त्यामुळे गावाकडचे पदार्थ इथे येऊन जरा अंगानं भरले. न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सहून आलेल्या लोकांनी १९२६ साली सान जेन्नारोचा उत्सव सुरू केला. सान जेन्नारो हा नेपल्सचा पाठीराखा संत, त्याचा दिवस १९ सप्टेंबर. ती जत्रा अजून भरते आणि तिथे गल्लीभर लोखंडी तव्यांवर सॉसेज, कांदे आणि मिरच्या चुरचुरत असतात. बॉस्टनमध्ये फेनवे पार्कच्या बाहेर बेसबॉलच्या सामन्यांना हाच वास. म्हणजे मूळचा हा जत्रेतला, हातगाडीवरचा पदार्थ. घरी करताना त्याचं फार कौतुक करायची गरज नाही.

ढोबळी मिरची मूळची अमेरिका खंडातलीच. कोलंबसानंतर ती युरोपात गेली आणि इटालियन लोकांच्या हातून पुन्हा अटलांटिक ओलांडून तव्यावर आली. आपल्याकडची तिखट मिरचीही त्याच खंडातून पोर्तुगीजांबरोबर गोव्याला उतरली, तेव्हा नातं अगदीच परकं नाही. आणि जाता जाता: अमेरिकेत 'पेपरोनी' म्हणजे पिझ्झावर घालायचं सॉसेज, पण इटलीत गेलात आणि पिझ्झावर 'पेपरोनी' मागितलंत, तर ढोबळी मिरचीच येईल. तिकडे त्या शब्दाचा अर्थच तो.

दुकानात

चार माणसांच्या जेवणासाठी एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम सॉसेज लागतं. पाकिटात चार-पाच नग येतात. पाकिटावर 'इटालियन' हा शब्द असला पाहिजे. तो नुसता शोभेचा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार इटालियन सॉसेजमध्ये किमान ८५ टक्के मांस (चरबी धरून) लागतं, चरबी ३५ टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि मीठ-मिऱ्यांबरोबर बडीशेप किंवा तिची बहीण अॅनिस घालावीच लागते. मी वर म्हटलं ना, मसाला पोटात असतो, तो हाच. 'ब्राटवुर्स्ट' किंवा 'ब्रेकफास्ट सॉसेज' उचललंत तर त्यांचा मसाला वेगळा, मग पदार्थही वेगळाच होईल.

'स्वीट', 'माइल्ड' आणि 'हॉट' असे प्रकार दिसतील. 'स्वीट' म्हणजे गोड नव्हे, फक्त तिखट नसलेलं. 'हॉट'मध्ये लाल मिरचीचे फ्लेक्स असतात, पण आपल्या जिभेला ते फार तर 'बरं आहे' एवढंच वाटतं. मी अर्धं-अर्धं घेते.

आता आपल्यातल्या अनेकांचा खरा प्रश्न. सॉसेज मुळात डुकराच्या मांसाचं असतं. ते खात नसाल तर चिकन किंवा टर्कीचं इटालियन सॉसेज सहज मिळतं. पण फक्त पाकिटाच्या दर्शनी बाजूवर भरवसा ठेवू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. आत चिकन आणि वरचं आवरण डुकराच्या आतड्याचं, असं सर्रास असतं. आवरण वेगळ्या प्राण्याचं असेल तर तसं लिहावं लागतं, म्हणून वाचलंत तर कळतंच. 'कोलॅजन केसिंग' लिहिलं असेल तर ते बहुधा गाईच्या कातड्यापासून केलेलं असतं. मी हे सहा महिन्यांनी वाचलं, घरी पाहुणे जेवून गेल्यानंतर. पुढचं काही सांगत नाही.

दुसरं पाहायचं ते 'फुली कुक्ड' हे दोन शब्द. चिकनची पुष्कळ सॉसेजेस आधीच शिजवलेली असतात. ती वाईट नसतात, पण त्यांच्यातून चरबी फारशी सुटत नाही. पहिल्या खेपेला कच्चं सॉसेज घ्या. कच्चं पाकीट फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावं, नाहीतर फ्रीझरमध्ये टाकावं आणि करायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवावं. ओट्यावर दिवसभर वितळत ठेवू नये. आणि धुवायचंही नाही. मांस धुतलं की शिंतोडे सिंकभर उडतात, साध्य काही होत नाही.

भाज्या

मोठ्या ढोबळ्या मिरच्या तीन, मोठे पिवळे कांदे दोन, लसणाच्या चार-पाच पाकळ्या. बस. अमेरिकेतली ढोबळी मिरची आकारानं दांडगी असते. भारतात करत असाल तर पाच-सहा घ्या. कच्च्या भाजीचा ढीग बघून घाबरायचं नाही, मेथीसारखीच ती आळून निम्मी होते.

तीनपैकी एक मिरची हिरवी असू द्या. हिरवी म्हणजे न पिकलेली, लाल म्हणजे तीच वेलावर, चुकले, झाडावर पिकलेली. पिकताना साखर वाढते, म्हणून लाल आणि पिवळी गोड लागतात आणि हिरवी किंचित कडसर. सगळ्या लाल घेतल्या तर पदार्थ मिठाईकडे झुकतो, सगळ्या हिरव्या घेतल्या तर उग्र होतो. दुकानात 'क्युबनेल' नावाच्या फिकट हिरव्या, लांबोळ्या, पातळ सालीच्या मिरच्या मिळाल्या तर दोन त्याही घ्या. परतायला त्यांच्यासारखी मिरची नाही.

चिरताना हात आखडता ठेवा. मिरचीचे बोटभर रुंदीचे लांब तुकडे, कांद्याच्या शेंड्याकडून बुडख्याकडे जाड फाका. पोह्यांसाठी चिरतो तसा बारीक कांदा चिरलात तर तो मिरची शिजेपर्यंत विरघळून जातो. लसूण ठेचायचा नाही, पातळ काप करायचे.

टोमॅटो घालावा की नाही यावर इटालियन-अमेरिकन घरांत दोन तट आहेत. मी अर्धी वाटी डब्यातला टोमॅटो घालते, कारण मला पावाला लावायला थोडा रस हवा असतो. बटाट्याचं म्हणाल तर न्यू जर्सीत तो घालायची रीत आहे, पण आधी वेगळा तळून किंवा उकडून. कच्चा घातला तर बाकी सगळं गाळ होईपर्यंत तो शिजत नाही.

तव्यावर

पसरट आणि जाड बुडाचं भांडं हवं, बारा इंची असेल तर उत्तम. बिडाचं मिळालं तर आणखी काय हवं. त्यावर बसेल असं झाकण शोधून ठेवा. नसेल तर उलटं ताटही चालतं. हातात चिमटा घ्या. काटा ड्रॉवरमध्ये ठेवून द्या, आणि ड्रॉवर लावून घ्या. सॉसेजला भोक पाडलं की चरबी आणि रस सुरुवातीलाच वाहून जातो आणि आत भुसा उरतो.

सॉसेजेस गार भांड्यातच ठेवा. एकमेकांना चिकटू देऊ नका. त्यात अर्धा कप पाणी ओता, चमचाभर ऑलिव्ह तेल घाला, झाकण ठेवा आणि मध्यम आच लावा. हे पाणी पाहून आपल्याला अवघडल्यासारखं होतं, पण यातच सगळी मेख आहे. आवरण फुटतं ते एकदम बसलेल्या चटक्यानं. पाण्याची वाफ आतपर्यंत हळूहळू शिजवते, चरबी सुटायला वेळ देते, आणि पाणी आटलं की तीच चरबी तळण्याचं तेल होते. आठ-दहा मिनिटांनी, मध्ये एकदा उलटून, झाकण काढा. सॉसेजेस या वेळी फिकट, करडी आणि अत्यंत कुरूप दिसतात. घाबरू नका.

आता पाणी आटू द्या. आधी बुडबुडल्याचा आवाज येतो, मग तो बदलून तडतड ऐकू येते. ही तडतड म्हणजे पाणी संपलं आणि चरबी उरली. इथून पुढे दर दोन मिनिटांनी चिमट्यानं फिरवत सगळ्या बाजूंनी खरपूस तपकिरी करा, साधारण सहा-आठ मिनिटं. मग ताटलीत काढून ठेवा. कच्चं मांस धरलेला चिमटा एकदा धुऊन घ्या.

अमेरिकेत नव्यानं आलेल्यांसाठी दोन शब्द. भाड्याच्या घरांत बहुधा विजेची शेगडी असते. तिची आच कमी केली तरी कॉइल बराच वेळ लालच राहते. करपतंय असं वाटलं तर बटण फिरवत बसू नका, भांडंच उचलून बाजूला घ्या. आणि शेगडीवरचा पंखा अनेक घरांत हवा बाहेर टाकतच नाही, गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. खिडकी आधीच उघडा. अलार्म वाजलाच तर त्याच्याखाली टॉवेल हलवा, बॅटरी काढून ठेवू नका. काढलेली बॅटरी परत घालायचं कोणाच्याही लक्षात राहत नाही.

भांड्यात आता दोन-तीन चमचे चरबी असेल आणि तळाला तपकिरी खरवड धरली असेल. दुधाची खरवड ज्यांना आवडते त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांनी ती घासून टाकू नये. भांडं पुसायचं नाही, धुवायचं नाही. चरबी फारच वाटली तर थोडी काढा. चिकनचं सॉसेज असेल तर उलट दोन चमचे ऑलिव्ह तेल वाढवा.

आच जरा मोठी करून कांदा आणि मिरच्या एकदम घाला आणि पसरा. लगेच ढवळायला लागू नका. आपल्याला सारखं ढवळायची सवय असते, पण तळाशी टेकून राहिल्याशिवाय भाजीला डाग पडत नाहीत, आणि ते काळपट डागच तर हवे आहेत. तीन मिनिटांनी एकदा खालीवर करा, पुन्हा तीन मिनिटं सोडा. झाकण ठेवू नका. झाकलं की वाफेचं पाणी आतच पडतं आणि परतलेल्या मिरच्यांऐवजी उकडलेल्या मिरच्या मिळतात. माझ्या पहिल्या रश्श्याचं एक कारण हे, दुसरं म्हणजे लहान भांडं. सगळी भाजी पसरून मावत नसेल तर दोन वेळा परता.

मीठ या टप्प्यावर फक्त चिमूटभर. सॉसेज स्वतःच खारट असतं, उरलेलं शेवटी चाखून बघा.

दहा-बारा मिनिटांत मिरची वाकेल पण मोडणार नाही अशी होते, कांद्याच्या कडा सोनेरी होतात. मध्ये जागा करून लसूण घाला, मिनिटभर परता, अर्धा चमचा वाळलेला ओरेगानो हातावर चोळून टाका. मग टोमॅटो घाला, नको असेल तर पाव कप पाणी. वाइन चालत असेल तर पाव कप तीही चालते. ओल पडली की लाकडी उलथन्यानं तळ खरवडा. धरलेलं सगळं सुटून भाजीला लागतं आणि भाजीचा रंग बघता बघता पालटतो. बडीशेपेचा वास मांसातून उठून कांद्या-मिरचीत शिरतो तो या क्षणी.

सॉसेजेस परत भाजीवर ठेवा. ताटलीत जमलेला रसही ओता. आच मंद करा, आता मात्र झाकण ठेवा, पाच-सात मिनिटं. शिजलं की नाही हे रंगावरून कळत नाही. खिम्याचं मांस आहे, आतपर्यंत तापलं पाहिजे. डुकराच्या सॉसेजला मधोमध १६० अंश फॅरेनहाइट (७१ सेल्सिअस), चिकन-टर्कीला १६५ (७४). दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या आणि तो टोकाकडून लांबीच्या दिशेनं आत घाला. भोक पाडायची परवानगी आहे ती इथेच, एकदाच.

गॅस बंद करून चमचाभर रेड वाइन व्हिनेगर शिंपडा. घरात नसेल तर अर्ध्या लिंबाचा रस. चरबी आणि गोडवा यांना काहीतरी आंबट लागतंच. त्याशिवाय चौथ्या घासाला तोंड मिटतं. बेझिल असेल तर पानं तोडून वर टाका. कोथिंबीर नको. मी घालून पाहिली आहे.

शेगडीसमोर उभं राहायचा कंटाळा असेल, किंवा माणसं आठ असतील, तर ओव्हन. ४२५ अंश फॅरेनहाइटला (साधारण २२०) मोठ्या ट्रेमध्ये भाज्या दोन चमचे तेलात घोळवून पसरा, वर सॉसेजेस ठेवा, ३५ ते ४० मिनिटं, मध्ये एकदा सगळं उलटून. कष्ट निम्मे. पण खरवड मिळत नाही, म्हणून माझं मत तव्यालाच.

कशाबरोबर

लांबट, कडक सालीच्या पावात भरून खाणं ही जत्रेची रीत. त्या पावाच्या सँडविचला न्यूयॉर्कमध्ये 'हीरो', फिलाडेल्फियात 'होगी' आणि न्यू इंग्लंडमध्ये 'ग्राइंडर' म्हणतात. माणूस कुठला हे त्यावरून ओळखता येतं. मऊ पाव असेल तर आतून तव्यावर शेकून घ्या, नाहीतर रसानं फुटतो. पास्ताबरोबरही चालतं. आमच्याकडे भाताबरोबर खातात. शेजारच्या इटालियन आजींना मी हे अजून सांगितलेलं नाही.

पुण्या-मुंबईत करायचं असेल तर

आपल्याकडे फ्रीझरमध्ये मिळणारी चिकन सॉसेजेस बहुतेक शिजवलेली आणि आतून गुळगुळीत असतात. ती तळली तरी तेलात काही सोडत नाहीत. गोव्याच्या चोरिसाचा मोह होईल, पण तो पदार्थ मुळात वेगळा: व्हिनेगर, सुक्या मिरच्या आणि भरपूर मीठ लावून मुरवलेला, वाळवलेला. तो कांद्यावर परतून पावाबरोबरच खावा, ढोबळी मिरची त्याच्यापुढे टिकत नाही.

त्यापेक्षा घरी मिश्रण करा. आवरणाची गरज नाही. चिकनचा खिमा अर्धा किलो, शक्यतो मांडीचा, कारण छातीचा कोरडा पडतो. त्यात दीड चमचा मीठ, दोन चमचे जाडी बडीशेप किंचित भाजून जाडसर कुटलेली, चमचाभर मिरपूड, तीन लसूण पाकळ्या वाटून, अर्धा चमचा मिरचीचे फ्लेक्स, दोन मोठे चमचे तेल आणि तेवढंच बर्फाचं पाणी. चमचे मोजायचे, चहाचे. तेल-पाण्याचे तेवढे मोठे. मुखवासातली बारीक लखनवी बडीशेप नको, ती गोडसर असते. मिश्रण थालीपिठाच्या पिठासारखं मळा, दोन-तीन मिनिटं, हाताला चिकटायला लागेपर्यंत. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि तीच त्याला बांधून ठेवतात, म्हणून अंडं किंवा पावाचा चुरा लागत नाही. तासभर फ्रीजमध्ये ठेवून लांबट गोळे वळा. याला पाण्याची पायरी करू नका, फुटतील. थेट दोन-तीन चमचे तेलात मध्यम आचेवर सगळीकडून तांबूस करा आणि पुढे वरच्याप्रमाणेच. हा पर्याय अमेरिकेतही उपयोगी आहे, आवरणाची भानगडच नको असलेल्यांना.

उरलं तर दोन तासांच्या आत डब्यात भरून फ्रीजमध्ये टाका, तीन-चार दिवस टिकतं. मायक्रोवेव्हमध्ये सॉसेज रबरासारखं होतं, म्हणून गोल चकत्या कापून तव्यावरच गरम करा. दुसऱ्या दिवशी दोन अंडी फोडून त्यात परतली की नाश्ता होतो, किंवा पोळीत गुंडाळून डबा. पोळीत द्यायचं असेल तर रस आधी आटवून घ्या, डबा गळतो.